ह्येचं गाव कुठलं?

"माणसं मारतायसा का वाटाणं सोलतायसा रं?"

आमच्या घरमालकांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. कराडात त्यांच्या माडीवर राहायला येऊन माझा एक अख्खा पावसाळा उलटून गेला होता, आणि तोवर हा माणूस मुका असावा अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. खोली दाखवली काकींनी, पाण्याच्या वेळा सांगितल्या काकींनी, चपला कुठं काढायच्या आणि कपडे कुठल्या तारेवर वाळत घालायचे हेही काकींनीच. मालक आपले जिन्याखाली बाजेवर बसलेले असायचे. डोक्याला फेटा, गळ्याला भर उन्हातसुद्धा मफलर. मी 'नमस्कार मालक' म्हटलं की हनुवटी वर करायचे, संपलं. आणि एका रविवारी दुपारी हाच माणूस माडीच्या दारात उभा राहून आम्हाला झापत होता, तेही अशा खरखरीत, फाटक्या आवाजात की आधी मला वाटलं खाली कुणीतरी पत्रा ओढतंय.

आम्ही तिघं खेळत होतो. खेळ कसला ते सांगायलाच हवं, कारण ते सांगताना माझी कायम फजिती होते. टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी तलवारबाज, कुणी वैद्य, कुणी चोर. गोष्टीत आपण पुढं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा टाकून बघायचं. थोड्या सोंगट्या, एक नकाशा, एक वीस बाजूंचा फासा, एवढाच पसारा. गोष्ट सांगणारा मी. दिवसभर बँकेच्या काउंटरमागं बसून लोकांचे अंगठे घेणाऱ्या माणसाला रविवारी जरा राजे-राक्षस लागायचेच. खेळणारे दोघं. एक उंब्रजचा, हायवेला मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला. दुसरी वाईची, इथल्या शाळेत गणित शिकवणारी.

गोष्ट मी बरी सांगायचो. पण मारामारी आली की सगळं बोंबलायचं. दरोडेखोर यायचे. फासा टाक, वार लागला, त्याचा जीव एवढ्यानं कमी. आता त्याचा फासा, तुझा जीव एवढ्यानं कमी. पुन्हा तुझा. जीव शून्य झाला की मेला, पुढचा घ्या. उंब्रजवाला मधेच कुणाचा तरी मोबाईल उघडून बसायचा आणि 'माझी पाळी आली की हाक मार' म्हणायचा. वाईवाली पेपर तपासायची. खेळात लढाई चालू असताना माणसं सहामाहीचे पेपर तपासतायत यापरतं अपयश कुठलं!

तर मालक दारात उभे. टेबलावरची एक सोंगटी त्यांनी दोन बोटांत उचलली.

"ह्यो कोन?"

"दरोडेखोर आहे, मालक."

"ह्येचं गाव कुठलं?"

"गाव नाही काही. नुसता दरोडेखोर."

"बिनगावाचा माणूस आस्तोय व्हय रं? आन आलाय कशापायी?"

"लुटायला."

"कुणासाठी? घरात कोन हाय त्येच्या?"

त्यांनी सोंगटी टेबलावर आडवी टाकली. "मग मरंना का! मला काय त्येचं!" असं म्हणून ते खाली निघून गेले. जिन्यावर त्यांचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आपल्या खोलीत, आपल्या सुट्टीत, आपला खेळ, आणि हा म्हातारा येऊन शिकवणार! संध्याकाळी पाणी भरताना मी काकींकडं जरा कुरकुरलो. काकींनी घागर खाली ठेवली. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्ये तुमच्यासंगं बोललं?"

मग त्यांनी जिन्याच्या पायरीवर बसून मला सगळं सांगितलं. आमचे मालक म्हणजे कुस्तीचे निवेदक. आमच्याकडं गावोगावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं, हलगी कडाडते, आणि एक माणूस माईक घेऊन पैलवानांची माहिती सांगत, डाव सांगत, लोकांना जाग्यावर बसवून ठेवतो. तो माणूस म्हणजे हे. साताऱ्यापासून मिरजेच्या पलीकडं कानडी मुलखापर्यंत ज्या मैदानाला ह्यांचा आवाज नाही ते मैदान लोक धरायचे नाहीत म्हणे. अख्खी हयात त्यात गेली. आणि आता घशात गाठ होती.

"मिरजंच्या डाक्टरनी सांगितलंय, घशातली पेटीच काढाय पायजे," काकी म्हणाल्या. "काढली तर माणूस ऱ्हातोय, आवाज जातोय. न्हाई काढली तर..." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं. "ह्ये म्हणत्यात जत्रा हुं दे. पयलं म्हणत हुतं औंदाची. आता म्हणत्यात म्होरली."

मी काहीतरी धीराचं बोललो असेन. काकींचं लक्ष नव्हतं.

"मला इचाराल तर घरात ह्यांचा आवाज मी कवा ऐकलाच न्हाई. मैदानात बोलबोल बोलायचं आन घरी यायचं ते रितं हून. जेवाय वाढलं की जेवायचं. बायकांनी काय आखाड्यावर जायची रीत न्हवती. मी ऐकलाय त्यो कर्ण्यातनं, वाऱ्यावर आला तर." त्यांनी घागर उचलली. "आन तुमच्यासंगं बोललं. बरं झालं की."

पुढच्या रविवारी मालक स्वतःची खुर्ची घेऊन वर आले. बोलावलं कुणी नव्हतं. फेटा नीट केला, खुर्ची टेबलाच्या डोक्याशी लावली आणि म्हणाले, "गोष्ट तुजी. मारामारी माजी." वाटणी झाली. माझ्या संमतीची कुणी वाटच पाहिली नाही.

नावं त्यांना लागायची नाहीत. माणसाला ते गावानंच हाक मारायचे, मैदानातली सवय. मी सांगली, तो उंब्रज, ती वाई. काकीसुद्धा 'अगं इस्लामपूर', कारण त्यांचं माहेर तिथलं. टपाल घेऊन येणारा पोस्टमन तांबवे. घशाचा डॉक्टर मिरज. एकदा ते गळ्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "ह्या गाठीचं तेवढं गाव कळंना. त्येच्याबिगर कुस्ती कशी सांगायची?" आणि स्वतःच हसले होते. आम्हाला हसावं की काय करावं ते कळलं नाही.

तर मारामारी. मालकांच्या हातात गेल्यावर आमच्या मारामारीचं काय झालं ते सांगतो. पहिल्यांदा म्हणजे ती सुरूच व्हायची नाही. दरोडेखोर पुढं आला की मालक त्याला उभा करायचे आणि त्या फाटक्या आवाजात सुरू व्हायचे. हा नदीपल्याडचा. बाप बैलाखाली गेला. थोरला भाऊ फौजेत होता तो परत आला नाही. ह्याच्या पायाला जुनं दुखणं आहे, डावा पाय जरा राखून टाकतो, बगा. घरी एक बहीण उजवायची आहे. ह्याला तुमची पोतडी पाहिजे. तुमचा जीव नको आहे ह्याला. उंब्रजवाल्यानं मोबाईल केव्हाच खिशात घातलेला असायचा. आणि मग मालक एकदम म्हणायचे, "आता टाक फासा!" फासा टाकायला हात उचलायचा नाही हो. एकदा त्यांनी दरोडेखोराचं गाव म्हणून उंब्रजच्या पलीकडची वाडी सांगितली, तर आमचा उंब्रजवाला तलवार ठेवून मोकळा झाला. "मी न्हाई मारणार. आमच्या मामाचं गाव हाय ते," म्हणाला. वाईवाली त्याच्यावर तासभर चिडली होती, कारण तो दरोडेखोर पोतडी घेऊन पळाला.

मग जमीन. माझ्या नकाशावर नुसत्या चौकटी असायच्या. मालक विचारायचे, माती कसली? चिकण की भुसभुशीत? ऊन कुणाच्या डोळ्यांवर? पाणी कुणीकडनं चढतंय? एकदा त्यांनी लढाई उसात लावली. तोडीला आलेला ऊस, पुरुषभर उंच, हातावरचा माणूस दिसत नाही. हे आम्हाला नुसतं सांगून पटेना, तेव्हा खाली गेले आणि काकींचं दांडीवरचं ओलं लुगडं घेऊन आले. टेबलाच्या मधोमध दोरी ताणून तिच्यावर ते टाकलं. इकडं वाई, तिकडं उंब्रज, एकमेकांच्या सोंगट्या कुणाला दिसेनात. "आता पाचट वाजंल तेवढंच ऐकायचं," म्हणाले आणि नखानं टेबल खरवडायला लागले. दोघांनी एकमेकांनाच वार केले. मालक इतके खूश झाले की खुर्चीतच मांडीवर थाप मारली. काकी वर येऊन त्यांचं लुगडं ओढून घेऊन गेल्या, "मेल्यांनो, उद्या नेसू काय!" म्हणत, पण जाताना दारात जरा थांबून ऐकत होत्या.

कडेला एक स्टीलचा डबा असायचा, चिवड्याचा. तो त्यांची हलगी. लढाई तापली की बोटं डब्यावर चालायची. ठेका वाढला की ज्याची पाळी त्यानं चटकन सांगायचं काय करणार ते. जो 'अं, अं' करत बसला त्याची पाळी गेली. बँकेत मी आठवडाभर माणसांना 'थांबा, बघतो' सांगणारा. रविवारी डबा वाजला की माझ्या तोंडून उत्तर आधी बाहेर पडायचं.

आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे पंजा.

ही गोष्ट त्यांनी पहिल्याच महिन्यात घालून दिली. लढणाऱ्या कुणालाही, आमच्याला किंवा समोरच्याला, पुरे झालं असं वाटलं की त्यानं उघडा पंजा वर करायचा. मग फासा नाही. कुस्ती बरोबरीत सोडवायची. काय द्यायचं, काय घ्यायचं ते बोलून ठरवायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं. मी म्हटलं, "मालक, मग हार-जीत काय राहिली? लोकांना तर निकाली कुस्ती आवडते."

"लोकांचं काय जातंय रं?" ते एकदम कडवट झाले. "लोक बोंबलत्यात, निकाली करा, निकाली करा. आत दोन पोरं असत्यात. दोगंबी दमल्यात. दोगांच्याबी आया घरी वाट बगत्यात. यकाचा खांदा निखळलाय त्ये त्यो दावत न्हाई. ह्ये मला माईकवरनं दिसायचं. सोडवा म्हणायला मीच सांगायचो पंचाला, आन लोकांच्या शिव्या खायचो. सोडवाय आक्कल लागती, सांगली. चीत कुनीबी करतंय."

गंमत अशी, की पंजा आल्यापासून आमच्या लढाया जास्त भयंकर झाल्या. आता समोरचा मरेपर्यंत वाट बघायची सोय नव्हती. कुठल्या क्षणी थांबायचं ते आपल्याला ठरवावं लागायचं. वाईवालीच्या वैद्यबाईनं एकदा आपला जखमी भाऊ परत मिळावा म्हणून जिंकत आलेल्या लढाईत पंजा वर केला होता. त्या रविवारी आमचा तिघांचा चहा कपातच गार झाला. कुठली तरी लाकडाची सोंगटी ती, पण खेळ आवरताना मी ती बाकीच्यांत टाकली नाही.

मालकांच्या गावची जत्रा आली तेव्हा ते मला घेऊन गेले. माझ्या मोटरसायकलवर मागं बसले, फेटा नवा, मफलर नवा. निमंत्रण नव्हतं. जत्रा कमिटीनं नवा निवेदक आणला होता, तरणा पोरगा, माईकमध्ये आवाज घुमवायचं यंत्र लावलेला. मालकांना कमिटीच्या माणसांनी वाकून नमस्कार केला, हार घातला, नारळ दिला आणि खुर्ची दिली. माईक काही दिला नाही. आम्ही खुर्ची सोडून लोकांत जाऊन मातीवर बसलो.

मोठी कुस्ती लागली. दोघं पैलवान एकमेकांना जे धरून बसले ते हलेचनात. वर तो पोरगा नुसता ओरडत होता, दणका, वादळ, वाघ, असलं काहीबाही. लोक कंटाळून उठायला लागले. तेव्हा मालकांनी बोलायला सुरुवात केली. मोठ्यानं नाही, मोठ्यानं येतच नव्हतं. माझ्याशीच बोलल्यासारखं. "त्यो वरचा बग, त्येनं श्वास धरलाय. खालच्याची मान बग. त्येचा वस्ताद तितं कडंला हुबा हाय, रडतोय बग त्यो, म्हातारा." पुढचा माणूस मागं वळला. त्याच्या शेजारचा सरकून आला. बघता बघता आमच्याभोवती माणसांचं कोंडाळं झालं, सगळे कान पुढं करून, आणि त्या एवढ्याशा घोळक्यात कुणी श्वास घेत नव्हतं. बाकीचं मैदान रिकामं होत होतं. हलगी वाजली, खालचा पैलवान सुटला, लोक एकदम उठले, आणि मालकांनी तोंड उघडलं तर आवाजच नाही. ओठ हलत होते. माझ्या दंडाला त्यांनी धरलं होतं ते इतकं घट्ट की वळ उठले.

परत येताना वाटेत ते माझ्या पाठीवर डोकं टेकून बसले होते. झोपले असतील असं मी समजलो.

आठवडाभर आवाज आला नाही. काकी माझ्यावर अशा भडकल्या की मला जिन्यानं वर जायची चोरी झाली. "तुमीच घिऊन गेलासा! तुमचा त्यो खेळ ऱ्हाऊ दे बाजूला. त्येच्या जिवावर त्ये मिरजंला जाईनात. माडीवर यक मैदान भेटलंय न्हवं आयतं!" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या बोलत होत्या ते खरंच होतं.

आवाज थोडा परतला त्या रविवारी मी ठरवून विषय काढला. खेळ सुरूच केला नाही. मी म्हटलं, "मालक, तुमचाच नियम. पुरे झालं की पंजा वर करायचा. काय द्यायचं ते द्यायचं, जीव घेऊन घरी जायचं. तुम्ही आवाज द्या. सोडवा कुस्ती."

मला वाटलं होतं मी फार बिनतोड बोललो. वाईवालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उंब्रजवाला जमिनीकडं बघत होता.

मालकांनी डबा जवळ ओढला. वाजवला नाही. "खेळात पंजा वर केला तर म्होरल्या रईवारी तू मला दुसरी कुस्ती देतोस," ते म्हणाले. "हितं मी आवाज दिला तर म्होरलं मैदान कोन दील? आवाजाबिगर म्या कोन? कंच्या गावचा? सांग की, बँकवाल्या!"

आज वाटतं, काहीतरी म्हणायला हवं होतं, चुकीचं का होईना. पण तेव्हा मला खरंच वाटलं होतं की ते म्हणतात ते बरोबर आहे.

मग काकींनी एक गोष्ट केली. त्या बोलायच्या थांबल्या. भांडण नाही, रडणं नाही, रुसवा म्हणावा तर ताट वेळेवर यायचं, चहा यायचा, फेटा धुऊन घडी घालून मिळायचा. पण शब्द नाही. शेजारणीशी बोलायच्या, माझ्याशी बोलायच्या, भाजीवालीशी घासाघीस करायच्या. मालक समोर आले की ओठ मिटून घ्यायच्या. मला जिन्यात म्हणाल्या, "मला बी पेटी न्हाई समजा."

सुरुवातीला मालकांच्या लक्षातही आलं नसावं. पण पुढं पुढं ते वर आले की त्यांचं चित्त लागेना. लढाई मधेच सोडून कान खालच्या मजल्याकडं लावायचे. एका रविवारी दुपारी उसातली तीच जुनी लढाई पुन्हा मांडली होती आणि ते एकदम म्हणाले, "लय वंगाळ वाटतंय रं खाली. घरात तिचाच आवाज हुता. मी घरला यायचो ते त्यो ऐकाय यायचो. दिसभर मी बोलायचो, मग कुनीतरी माज्यासंगं बोलावं वाटायचं. ती आपली बोलत ऱ्हायाची, म्हशीचं, शेजारणीचं. मी जेवायचो."

"हे त्यांना सांगा ना," वाईवाली म्हणाली.

"आता काय सांगायचं," ते म्हणाले आणि फासा टाकला.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी बँकेत निघालो तर मालक दारात पिशवी घेऊन उभे. काकी शेजारी, नवं लुगडं नेसलेल्या. मालक मला म्हणाले, "मिरज." तेवढंच. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला शेवटचा शब्द तो. तेही पुन्हा एका गावाचंच नाव.

ऑपरेशन झालं. माणूस राहिला, काकी म्हणाल्या होत्या तसा. गळ्याला खाली एक भोक, त्यावर पांढरं फडकं, फडक्यावर मफलर. श्वास तिथनं यायचा, शिट्टीसारखा. कुणीतरी पाटी आणून दिली होती लिहून दाखवायला. त्यांनी ती काकींना भाकरीच्या परातीवर झाकायला दिली. काकी आता पुन्हा बोलायला लागल्या होत्या, पूर्वीपेक्षा जास्त, सगळं घर भरून. मालक बाजेवर बसून ऐकायचे. एवढं चांगलं झालं.

वर यायचे, पण कमी. आले की डोक्याशी खुर्ची तीच. आता दरोडेखोर मी उभा करायचो, त्याचं गाव मी सांगायचो, आणि ते डब्यावर बोट ठेवून ऐकायचे. माझं खोटं वाटलं की एकच टिचकी. कुणाचीही गोष्ट मला त्यांच्यासारखी सांगता यायची नाही. त्यांची टिचकी वाजायची, मी पुन्हा सांगायचो, पुन्हा टिचकी. एकदा मी वैतागून "मग तुम्हीच सांगा!" म्हणून गेलो. जीभ चावली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हसल्यासारखं केलं आणि डबा माझ्याकडं सरकवला.

पुढच्या जत्रेच्या आधीच दुखणं फिरून आलं. उशीर झाला होता, तो डॉक्टर म्हणाला, आधी आला असतात तर. हे वाक्य डॉक्टर लोक कशाला बोलतात मला कळत नाही. कुणाला ते ऐकून काय करायचं असतं?

मी मिरजेला गेलो त्या दिवशी दुपारचं ऊन वॉर्डात आलं होतं. मालक उशीला टेकून बसलेले, फेटा नाही. बिनफेट्याचे मी त्यांना प्रथमच बघत होतो, डोकं अगदी लहान मुलासारखं दिसत होतं. काकी पायथ्याशी. डॉक्टर आला, भला माणूस होता, समजावून सांगत होता. अजून एक उपचार करता येईल. त्रास बराच होईल. जमेल की नाही ते सांगता येत नाही. पुण्याला न्यावं लागेल. घरच्यांनी विचार करून सांगा.

काकींनी डॉक्टरांना तिथंच सांगून टाकलं, "करा. काय लागंल ते करा." मग नवऱ्याकडं वळल्या. "जाऊ या की पुण्याला? व्हय न्हवं? मान हालवा की, आवं."

मालकांनी मान हलवली नाही. चादरीतनं उजवा हात काढला. हाताला सुई होती, तिची नळी लोंबत होती. हात हळूहळू वर आला आणि पंजा उघडला.

काकींनी बघितलं. त्यांना वाटलं, थांबा म्हणतायत. "थांबू या म्हणतासा? घरी इचारून सांगू या?" हात तसाच वर. "पानी पायजे का?" त्यांनी पेला पुढं केला. पंजा हलला नाही. हात खाली येईना, आणि मालक काकींकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते. डॉक्टरही माझ्याकडं बघायला लागला.

माझी इच्छा होती की आपण त्या खोलीत नसावं. देवाशपथ सांगतो. पण मैदानात पंचाला सांगायला कुणीतरी लागतंच आणि ते काम ज्याचं, त्याच्याकडं आवाज नव्हता.

"काकी," मी म्हटलं, "ते बरोबरीत सोडवा म्हणतायत."

काकी माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्याकडं. मालकांनी डोळे मिटून उघडले. काकींनी पेला खाली ठेवला, दोन्ही हातांनी तो वर केलेला हात धरला आणि सावकाश खाली आणून मांडीवर घेतला. बराच वेळ त्या त्या पंज्यावरून बोटं फिरवत होत्या.

"सोडवा मग," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टर गेला. मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो. मागून काकींचा आवाज आला, मला उद्देशून होता की त्यांना, ते मला आजही सांगता येणार नाही.

"जल्माला यकदा बोललासा," त्या म्हणाल्या, "आन त्ये बी ह्येलाच कळलं."